नाशिकचा तांब्या, कोचीचा पहारेकरी

चहा आधी मागवा. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही मला चहा पाजाल याची काही खात्री नाही.

तुम्ही मला ओळखता. इतकी वर्षं वार्ताहर म्हणून काढली, ती काही गोड बोलून नाही. ‘चौकशी सुरू आहे’ म्हणणाऱ्या साहेबांच्या टेबलावर मी मूठ आपटलीय. बंद दिव्यांच्या खांबाखाली उभं राहून अभियंत्याला झोपेतून उठवलंय. वणीच्या देवीहून आम्ही सगळे जीपने परतताना आमच्या शेजारणीचं सामान गायब झालं, तेव्हा त्या जीपवाल्याला नाशकातल्या द्वारकेच्या चौकात भर गर्दीत फैलावर घेतलं आणि वर ‘भाविकांच्या सामानावर डल्ला’ अशी बातमीही ठोकली. अन्याय दिसला की माझं डोकं फिरतं. त्याला मी काय करू?

पण या वाघाला एकट्याने परगावी जायची भीती वाटते, हे तुम्हाला ठाऊक नसेल!

कोचीची तिकिटं दोघांची होती. ऐन वेळी बायकोचा गुडघा सुजला. मी लगेच म्हटलं, “रद्द करू.”

“काही नको. तुम्ही जा, बंदर बघा, संग्रहालयं बघा,” मंगल म्हणाली. “फक्त कुणाशी भांडू नका. तिकडे तुम्हाला सोडवायला कोणी नाही.”

शपथ घातली आणि हातात फिरकीचा तांब्या दिला. झाकण फिरवून घट्ट लावायचं, तसला. “बाटलीतलं पाणी पिऊ नका, पित्त होतं. आणि हा हरवू नका, घरात एकच आहे.”

कोचीत उतरल्यापासून एकच उद्योग. पाकीट चाचपायचं, फोन चाचपायचा, तांब्या छातीशी धरायचा. फेरीबोटीत लोक समुद्राचे फोटो काढत होते. मी लाइफ जॅकेट कुठे टांगलीत ते बघत होतो. घाबरलो की माझ्या घशाला कोरड पडते, म्हणून सारखा तांब्या तोंडाला. लोकांना वाटलं असेल, हे गृहस्थ औषध घेतायत.

पण भांडलो नाही हं! रिक्षावाल्याने सगळं गाव फिरवून मला परत हॉटेलच्याच मागच्या गल्लीत आणून सोडलं, तरी गप्प. जहाजांचं संग्रहालय पाहिलं, मसाल्यांचं पाहिलं, गप्प. रोज संध्याकाळी मंगलला फोन: “आजही कुणाशी भांडलो नाही.” शाळेतल्या पोरासारखा!

शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीआधी वेळ होता. धक्क्याजवळच्या एका छोट्या संग्रहालयात शिरलो. तिथेच घात झाला.

दालनाच्या मधोमध जहाजाचा एक प्रचंड नांगर. त्याच्या दोन बाजूंना दोन पाट्या. एकीवर लिहिलंय, दोनशे वर्षं जुना. दुसरीवर, तीनशे! आता सांगा, मधली शंभर वर्षं गेली कुठे? कुणी खाल्ली?

शपथ आठवली. म्हटलं, भांडायचं नाही, फक्त फोटो काढायचा. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तांब्या बाजूच्या बुटक्या चौथऱ्याच्या कडेला ठेवला. फोटो काढले आणि पाय आपोआप ऑफिसकडे वळले.

तिथल्या कारकुनाने जांभई देत मला काय सांगावं? “चौकशी करतो.”

झालं! पुढचं मी सांगत नाही. तुम्ही मला ओळखता.

तावातावाने परत येतो, तर माझा तांब्या कुठाय? चौथऱ्यावर जुन्या जहाजांवरची भांडी मांडलेली. कुणीतरी शिस्तीने माझा तांब्या त्यांच्या रांगेत सरकवलाय. कळशी आणि किटली यांच्या मधे नवरदेवासारखा बसलाय! एक कुटुंब त्याच्यासोबत फोटोही काढत होतं.

मी भांड्यांपुढच्या दोरीवरून वाकलो, तांब्या उचलला. लगेच शिट्टी!

पहारेकरी धावत आला. पाठोपाठ कारकून. पाठोपाठ सुती साडीतल्या, शांत चेहऱ्याच्या अधिकारी बाई. आमचं सगळं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चाललं होतं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“सर, आत्ता आमच्या पाट्यांवरून आरडाओरडा करणारे तुम्हीच ना?” बाईंनी विचारलं.

“मीच. आणि पुन्हा करीन!”

“आणि आरडाओरडा झाल्यावर आमचं भांडं उचललंत.”

“तुमचं? मॅडम, हे भांडं नाशिकहून आलंय!”

“इथली सगळीच भांडी कुठून ना कुठून आलीत, सर.”

“त्यात माझं पिण्याचं पाणी आहे!”

पहारेकऱ्याने झाकण फिरवलं, तांब्या उलटा केला. एक थेंब पडेल तर शपथ! शेवटचा घोट मी त्या कारकुनाकडे जातानाच संपवला होता.

“तुमचं असल्याची काही खूण सांगा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल.”

पोलीस! पुराणवस्तूंची चोरी! गाडी चुकणार, ते सोडा. ‘नाशिकचा पत्रकार कोचीत गजाआड’ ही बातमी लिहिणार कोण? ज्या वार्ताहरांना मी जन्मभर नावं ठेवली तेच ना! रंगवून लिहितील. फोटोसकट.

आणि एकदम सुचलं. “नाव! आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात! बुडाला बघा, माझ्या बायकोचं नाव असणार. मंगल देवरे! वाचा! सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा!”

मी स्वतः कधी बघितलं होतं का? नाही. पण नाशकात नाव नसलेलं भांडं असतं का?

बाईंनी चष्मा लावला. शाळेत हिंदी शिकल्या होत्या, अक्षर अन् अक्षर लावून वाचलं. “सौ. निर्मला शांताराम पगार, कळवण.”

बाईंनी चष्मा काढला.

“या कोण, सर?”

“या... या आमच्या शेजारीणबाई.”

कारकुनाची जांभई कुठल्या कुठे पळाली. “शेजारीणबाईंचं भांडं? तुमच्याकडे?”

“घरी फोन लावा,” बाई म्हणाल्या. “स्पीकरवर.”

मंगलने ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “भांडलात ना?”

“ते राहू दे गं. तांब्यावर पगारताईंचं नाव कसं?”

“पगारताईंचं? मला तर वाटलं तुमच्या आईंचा तांब्या. थांबा, त्या इथेच आहेत. माझा गुडघा शेकायला आल्यात.”

मागून कळवणचा खणखणीत आवाज आला. “कोणता तांब्या? फिरकीचा? अगं बया! भाऊ, वणीला हरवला व्हता तोच हाय तो माझा! जीपच्या टपावरून पिशव्या तुम्हीच उतरवल्या ना? ‘सरका, मी वाटतो’ म्हणत कोणाची पिशवी कोणाला दिली! मी लय शोधला. जावेवर संशय घेतला, अजून बोलत नाय मी तिच्याशी!”

“काय म्हणतायत त्या?” अधिकारी बाईंनी विचारलं.

तिथे मराठी समजणारा मी एकटाच होतो. वाट्टेल ते सांगता आलं असतं. पण जन्मभर लोकांना खरं बोला म्हणून दटावलंय हो!

“त्या म्हणतायत,” मी म्हटलं, “तांब्या त्यांचा आहे.”

“म्हणजे आमचा नाही.”

“नाही.”

“आणि तुमचाही नाही.”

“...नाही.”

बाईंनी तांब्या पुसून दोन्ही हातांनी माझ्या हवाली केला. “ज्यांचा आहे त्यांना द्या, सर. पाट्यांचं आम्ही बघतो.” इतक्या सभ्यपणे माझी कुणी कधी काढली नव्हती.

घरी आल्यावर पगारताईंनी तोच तांब्या भरून पुढे केला. “आधी पाणी प्या भाऊ, पार सुकले तुम्ही.” मंगलने मात्र फर्मान काढलं, “त्या बिचाऱ्या जीपवाल्याची माफी मागून या. जिथे झापलंत तिथेच.”

काल गेलो. खरंच गेलो, रस्ताभर माफी घोकत. द्वारकेचा तोच चौक, तशीच गर्दी, तोच जीपवाला. मला बघून त्याने लांबूनच हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “या साहेब, या! काय, सापडला का त्या बाईंच्या सामानाचा चोर?”

पाच-पंचवीस डोकी माझ्याकडे वळली. मी चष्मा पुसला. घसा खाकरला. तोंड उघडलं.

“चौकशी सुरू आहे,” म्हणालो.