गोगलगायींच्या वतीने

आमच्या वाडीत देवाशी बोलायचं काम तात्यांकडे होतं आणि उरलेल्या वेळात ते गोगलगायींशी बोलत. आवाज दोन्हीकडे एकच, पोटातून येणारा आणि जरा ओढलेला. मी सावर्ड्याहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात परसाच्या दगडी गडग्यापलीकडून ऐकलं, "बाळू म्हाराजा, आज पपईचा पाला नाय. काकडीवर भागव." डोकावून पाहिलं तर तात्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यापुढे उकिडवे बसले होते आणि मुठीएवढी गोगलगाय शिंगं काढून त्यांच्याकडे बघत होती. मी किंचाळले नाही, एवढंच. माहेरी असली गोगलगाय दिसली की आम्ही मिठाची बरणी शोधायचो.

ही आपली साधी, पावसात पायरीवर दिसणारी गोगलगाय नव्हे. ही आफ्रिकेतली, नर्सरीच्या कुंड्यांमधून गावोगाव पोचलेली, एका रात्रीत वाफा फस्त करणारी. तात्यांच्या घरी ती सोनचाफ्याच्या रोपाबरोबर आली. काकींनी म्हणजे त्यांच्या बायकोने "मीठ आणा" म्हणून सांगितलं, तर हे आतून काकडीची फोड घेऊन आले. तात्यांची सगळी नोकरी मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात झाली, सगळा जन्म बर्फ गोठवायच्या मिठाच्या पाण्यात हात. "जन्मभर मीठ टाकला," ते म्हणाले, "आता कुणावर टाकायचा नाय." निवृत्त माणूस काहीतरी छंद लावून घेतो. कुणी भजनात जातो, कुणी शेजाऱ्यांच्या भानगडीत. तात्यांनी हा लावून घेतला.

पुढे त्यांच्या पडवीत खोक्यांची रांग लागली. सुक्या बोंबलांची टोपली खारट म्हणून माळ्यावर गेली. तात्या संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जात ते समुद्रफेसाची पांढरी हाडं वेचायला, आणि आमच्या घरी आम्लेट झालं की वासावर येत ते अंड्याच्या टरफलांसाठी. "गो पोरी, घर बांधायचा तर चुना नको काय त्यांना?" ती टरफलं खलबत्त्यात कुटून ते खोक्यात भुरभुरवत. काकींचा खलबत्ता त्यानंतर पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.

बाळूला अंडी झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. नाव बाळू ठेवलेलं, आणि त्यात नर-मादी असा भेदच नसतो हे कुणाला ठाऊक. मातीखाली पिवळट दाण्यांचा ढीग बघून तात्या धावत आमच्याकडे आले, हातात गुळाचा खडा. "बाळू बाळंत झाला." काकी ओसरीवरूनच म्हणाल्या, "ह्यांच्या घरात बाप्ये पन बाळंत होतात, मी मात्र दोनदाच सुटले." त्या ढिगाकडे एकदा बघून काकींनी एकादशीचा साबुदाणा सोडला, त्या वऱ्याच्या तांदळावर आल्या.

आता गाऱ्हाण्याचं सांगते. लावणी आटपली की वाडीच्या राखणदार देवाच्या घुमटीपुढे नारळ ठेवून त्याला वाडीचं सुखदुःख सांगायचं. तो मान तात्यांच्या घराण्याचा. ते एकेक वाक्य म्हणत आणि सगळे बाप्ये हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत. या गाऱ्हाण्याचा नियम असा की त्यात शब्द वाढवता येतो, गाळता येत नाही. एकदा देवाच्या कानावर घातलेलं मागे कसं घेणार? म्हणून आमची वाडी अजूनही आगबोटीने मुंबईला जाणाऱ्या पोरांना सांभाळ असं दरवर्षी मागते. आगबोट बंद झाली त्याला माझं वय होत आलं. तात्या म्हणत, "देवाला बोट बंद झाल्याचा कोन सांगनार? असू दे. वर सांभाळल्यान तर काय बिघडला?"

तात्यांचा पुतण्या बबनभावजी पलीकडच्या घरात राहतात. पावसाळ्यात परसात काकडी-पडवळाचा मांडव घालून रत्नागिरीच्या बाजारात विकतात, चार महिन्यांचा संसार त्यावर चालतो. एका वर्षी मांडवावर पानाच्या शिरा तेवढ्या उरल्या. रोज सकाळी वेलीला लटकलेल्या गोगलगायी. भावजी पडवीत येऊन म्हणाले, "तात्यांनू, तुमची ढोरा माज्या मांडवात चरतायत. कोंडवाड्यात घालू काय?"

"माजी न्हवत ती," तात्या म्हणाले. "माज्या खोक्यांना झाकणा हायत. आनि अंडी मी बर्फात घालतो, सगळीच्या सगळी. बर्फाचा मला शिकवतोस?"

बर्फाच्या बाबतीत तात्यांशी वाद घालायची वाडीत कुणाची टाप नव्हती. पण गोगलगायी काही कमी होईनात. शेवटी वाडीने बैठक घेऊन ठरवलं की यंदाच्या गाऱ्हाण्यात ह्या इडेचा निर्वंश मागायचा. आणि मागणार कोण, तर तात्या. त्या आठवड्यात ते टरफलं मागायला आले नाहीत. मी स्वतः नेऊन दिली तर म्हणाले, "आपल्याच तोंडान कसा मागू गो?" मला तेव्हा वाटलं, म्हातारा किड्यांसाठी उगाच जीव जाळतोय.

गाऱ्हाण्याच्या दिवशी पाऊस नुकता उघडला होता. आम्ही बायका मागे उभ्या होतो. तात्यांनी आरंभ नेहमीसारखा केला, आगबोटसुद्धा झाली. मग म्हणाले, "आनि म्हाराजा, यंदा वाडीत गोगलगायींनी इडा मांडलीय."

"व्हय म्हाराजा."

"त्यांचा..." म्हणून ते थांबले. घुमटीच्या पत्र्यावरून पाणी टपकत होतं. सगळे पुढचा 'व्हय' ओठांवर घेऊन उभे. "त्यांचा काय तो तू बघ. पन आदी माजा ऐक. अंडी बर्फात घातली असा मी सांगितला."

"व्हय म्हाराजा."

"ता खोटा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"एकदाच घातली. मग हात झाला नाय. बबनच्या गडग्याखाली नेऊन पुरली."

"व्हय म्हाराजा." यात सगळ्यांत मोठा आवाज बबनभावजींचा, डोळे मिटलेले, हात जोडलेले. मग डोळे उघडले.

तात्या थांबले नाहीत. "जो जीव दुसऱ्याच्या चुकीन आमच्यात आला, त्याच्यावर राग धरू नको. त्याला पोट हाय, बोलता येत नाय, म्हून त्याच्या वतीन मी बोलतंय."

आणि वाडी, सवयीने, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. भावजींचं दुःख मांडवापेक्षा वेगळंच होतं. महिनाभर ते भेटेल त्याला सांगत, "मी स्वता व्हय बोललंय, माज्या तोंडान."

दुसऱ्या दिवसापासून तात्या पहाटे बालदी घेऊन भावजींच्या मांडवाखाली. एकेक गोगलगाय हाताने सोडवून बालदीत घालत, बालदी भावजींच्या हातात देत आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहत. मिठाचं पाणी भावजी ओतत. पडवीतली खोकीही त्यांनी तशीच एकेक नेऊन दिली, शेवटचं देताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. मी विचारलं, "देवापुढे कबूल केलंत म्हणून करता का?" तर म्हणाले, "देवाचा काय, तो ऐकून गप ऱ्हातो. बबनला फसवला ना मी." त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडला. एकटा बाळू तेवढा राहिला, तोही काकींच्या अटीवर. "अंडी आता मी बर्फात घालीन. तुमी तोंड फिरवा."

गेल्या मार्गशीर्षात तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाळूने तेव्हा शंखाच्या तोंडाला पांढरं झाकण लावून घेतलं होतं, उन्हाळा सरेपर्यंत या गोगलगायी अशाच झोपतात. डोंबिवलीहून मुलगा आला, दिवस झाले, जाताना खोकं टाकून देऊ म्हणाला. काकी म्हणाल्या, "मिरगाशिवाय त्याला हाक मारायची नाय, असा सांगून गेलेत." मिरगाला बाळू उठला. त्याची काकडी बबनभावजींच्या मांडवावरून येते, वाकडी असते ती.

आणि गाऱ्हाण्याचा मान भावजींकडे आला. आदल्या दिवशी ते आमच्याकडे येऊन बसले. "वयनी, ती गोगलगायींची वळ गाळली तर?"

"आगबोट गाळणार आहात का?"

ते चहा पिऊन गेले.

घुमटीपुढे त्यांनी सगळं नीट म्हटलं. ती ओळ मात्र खाली बघत, पुटपुटत उरकली. बाप्यांना ऐकूच गेली नाही, त्यामुळे कुणी 'व्हय' म्हणेना. तेवढ्यात आमच्यातून, बायकांतून, जिथून आजवर कधी आवाज गेला नव्हता, काकी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

भावजींनी मागे वळून पाहिलं. मग पुन्हा घुमटीकडे तोंड केलं आणि ती ओळ पहिल्यापासून, मोठ्याने, सावकाश म्हटली.