नानांचे कोरे बूट

माझ्या वडिलांनी मला फसवलं.

आज नानांचं वर्षश्राद्ध. आजच्या दिवशी असं लिहू नये, हे मलाही कळतं. पण गोड गोड लिहायला बसले की हात थांबतो. म्हणून जे आहे ते लिहिते.

मी धुळ्याला एका दवाखान्यात डायबेटिसच्या पेशंटना समजावून सांगायचं काम करते. इन्सुलिन कुठे टोचायचं, भाकरी किती खायची, पाय कसे सांभाळायचे. नाना दोंडाईच्याजवळ आमच्या गावी असायचे. शुगर जुनी. आणि माझं सगळ्यात जास्त ऐकणारा पेशंट कोण, तर तेच.

म्हणजे मला तसं वाटायचं.

रोज आंघोळ झाली की दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघायचे. चारचौघांत आमच्या अहिराणीत सांगायचे, "मनी पोर सांगस तसं करा रे बठ्ठा!" माझी पोर सांगते तसं सगळ्यांनी करा.

त्यांच्या पायांची जाणीव कमी झाली होती. मी स्पष्ट सांगितलं होतं, "नाना, काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं धरून चालू नका. डोळ्यांनी बघायचं."

"बरं वं माय," म्हणाले.

मग एकदा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची शुगर पहिल्यांदाच ताब्यात! मी आनंदाने स्टाफला पेढे वाटले अन् पेशंटना फुटाणे.

मला काय माहीत, नानांनी नवस बोललेला होता.

शुगर ताब्यात आली तर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी येईन. अनवाणी.

रोज इन्सुलिन टोचून घेतलं त्यांनी. भात सोडला त्यांनी. पहाटे उठून चालले ते. आणि फेड कशाने करायची, तर त्याच पायांनी.

मला एवढंच सांगितलं की पायी जातोय. अनवाणी जाणार, हे अक्काला, म्हणजे माझ्या आईला, माहीत होतं. धाकट्या भावाला, संजूला माहीत होतं. सोबत निघालेल्या अख्ख्या गावाला माहीत होतं.

फक्त मला नाही.

मी भांडले. शेवटी म्हटलं, जा, पण बूट घालून. मऊ तळाचे बूट शोधून आणले. निघायच्या सकाळी गावी जाऊन त्यांच्या पायात चढवले, लेस माझ्या हातांनी बांधल्या. नानांनी डोक्यावर हात ठेवला.

मी धुळ्याच्या गाडीत बसले अन् ते बूट सामानाच्या टेम्पोत गेले.

रोज सकाळी सोबत गेलेला संजू फोटो पाठवायचा. नाना, पायात बूट, अंगठा वर. मी इकडून हार्ट पाठवायचे. टेम्पोत बसून फोटोपुरते बूट चढवायचे, फोटो झाला की काढायचे. काय डोकं चालवलं होतं बाप-लेकाने!

आणि आमच्याकडचं चैत्रातलं डांबर. ज्याने त्यावर पाय ठेवलाय त्याला सांगायला नको.

परत आल्यावर फोनवर विचारलं, "पाय कसे आहेत?"

"एकदम बेस!"

व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हटलं की नेटवर्क जायचं. येते म्हटलं की अक्का म्हणायची, "ऊन फार शे बेटा, पोरांच्या परीक्षा आटोप, मग ये." तिकडे जखमेवर हळद लावणं चालू होतं.

मग संजूचा फोन आला. "ताई, नानांना ताप आहे. पायाला जरा वास येतोय."

जरा!

मी पोचले तेव्हा तळवा काळा पडला होता. दवाखान्यात न्यायच्या घाईत मी खाटेखालून ते बूट ओढले. एक उलटा झाला.

तळाला किमतीचा स्टिकर तसाच होता. एक ओरखडा नाही.

मी संजूकडे बघितलं. तो खाली बघत होता. अक्काही.

गाडीत नानांना विचारलं, "का हो असं केलं?"

ते अगदी निवांत बोलले, "काहीच दुखनं नही बेटा. आईनी कृपा शे. तूच सांगेल व्हतं ना, पायले काही समजस नही म्हनीसन. म्हनलं, चालाले सोपंच जाई."

मी ज्याला धोका म्हणाले, ते त्यांनी देवीची कृपा म्हणून घेतलं. माझंच वाक्य. त्याच्यावर विश्वास ठेवूनच चालत गेले.

पाय काढला. तरी उशीर झालेला होता. नाना गेले.

बूट घालून आलात म्हणून देवीने तोंड फिरवलं असतं का हो, नाना? लेकीला विचारायचं तरी. मी पुजाऱ्याला फोन केला असता, देवीच्या पाया पडले असते, काहीही केलं असतं. पण मला सांगितलंच नाही. सगळ्यांनी मिळून सांगितलं नाही.

आता माझ्या क्लासमध्ये पहिला प्रश्न असतो, "नवस कोणी बोललंय का?" सगळे हसतात. मग हळूच एखादा हात वर येतो. त्या माणसाला मी जेवायच्या सुट्टीतही सोडत नाही.

आज गुरुजींनी दानाला छत्री आणि जोडे मांडायला सांगितले. म्हणाले, "वरची वाट तापलेली असते. गेलेल्या माणसाचे पाय पोळू नयेत."

अक्काने मान हलवली. संजूने मान हलवली. सगळ्या घराला पटलं.

मला हसू आलं अन् मग रडू आवरेना.

संजूने नव्या चपला आणल्या होत्या. त्या मी बाजूला केल्या. आत जाऊन ते बूट आणले, स्टिकर काढला अन् छत्रीशेजारी ठेवले.

नाना, राग आहे. तो राहणार.

पण आता सोबत टेम्पो नाही. फोटो काढायला संजू नाही.

या वेळी तरी बूट काढू नका.