त्या लांबच्यांचं राहू दे

देव आपलं ऐकतो याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका व्याख्यानामुळे. सदाशिव पेठेत दर रविवारी आम्ही म्हातारेकोतारे जमतो, कुणीतरी बोलतं, मग चहा होतो. त्या दिवशी एक निवृत्त प्राध्यापिका आल्या होत्या. म्हणाल्या, कितीतरी ताऱ्यांभोवती ग्रह फिरतायत, कुठेतरी पाणी असेल, जीवही असतील. अजून सापडले नाहीत, पण नाहीतच असं कोण म्हणेल? आमचे हे तर खुर्चीच्या टोकावर येऊन ऐकत होते. घरी येताना म्हणाले, "अगं, विचार कर, तिथेही कुणी आपल्यासारखं असेल!" मी म्हटलं, "असू दे. तुम्ही आधी समोरचा खड्डा बघा."

हसले खरी, पण मनात कुठेतरी खुट्ट झालं. दुसऱ्या दिवशी पूजेत फूल वाहता वाहता हात थांबला. एवढ्या दुनिया, एवढे जीव, आणि सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकणारा हा एकटा. त्यात माझा नंबर कधी लागायचा?

त्याच आठवड्यात ह्यांच्या छातीत कळ आली. हडपसरला लेकीकडे गेलो होतो, तिथल्याच इस्पितळात नेलं. लेक औषधांसाठी धावत होती, मी आयसीयूबाहेर बाकावर. शेजारी विदर्भातली एक बाई बसलेली. तिचा कारखान्यात काम करणारा मुलगा ह्यांच्या शेजारच्याच खाटेवर होता. दोघांनाही बघायला एकच मोठे डॉक्टर यायचे होते. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाले, "गजानना, त्या लांबच्यांचं राहू दे, आधी आमच्याकडे बघ." तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. डॉक्टर आले आणि आधी त्या मुलाकडे गेले. काचेतून मला दिसलं. तेव्हा मी मनात म्हणाले, "त्याचंही राहू दे." ब्रह्मांडापासून सुरुवात केलेली मी शेजारच्या खाटेपर्यंत येऊन पोचले होते, आणि त्याची आई माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बाई, तुमच्या घरच्यायचं नाव काय जी?"

मला वाटलं, सहज विचारतेय. तर म्हणते, "माह्या पोरासंगं त्यायच्यासाठीही मांगून राहिली मी. मघापासून 'शेजारच्या खाटीवरचे बाबा' असंच म्हनते. नाव असलं तं बरं."

मी ह्यांचं नाव सांगितलं. तिच्या मुलाचं नाव मी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं. मंगेश.

पुढे डॉक्टरांनी ह्यांनाही बघितलं, अडथळा होता तो काढला, आणि संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. मंगेशही बरा झाला. हे असं कसं झालं, मला विचारू नका. त्यांचं शास्त्र त्यांना ठाऊक. मला एवढंच कळतं की माझा नंबर कधी लागणार म्हणून मी धास्तावले होते, आणि माझ्या माणसासाठीचं मागणं माझ्याआधीच वर पोचलेलं होतं. तेही जिची मी वाट अडवत होते तिच्या तोंडून.

घरी निघताना ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, संकोच. खरं काय ते सांगायचं धाडस मला झालं नाही, अजूनही होणार नाही.

आता पूजेला बसते तेव्हा मंगेशचं नाव घेते, मग ह्यांचं. मग ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी हात जोडते. तिकडे खरंच कुणी असेल तर त्यांच्यासाठीही. मान मात्र खालीच असते. कुणाकडे आधी बघायचं ते तुझं तू ठरव, देवा. मी मध्ये बोलणार नाही.