सहीखालचा ठिपका

भोकरदनहून धावड्याची बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत आमदारसाहेबांच्या गौरवग्रंथाची कच्ची प्रत होती. साहेब तीन वेळा निवडून आले, आता घरी बसलेत. पंधरा वर्षं त्यांची पत्रं मीच लिहिली, म्हणून ग्रंथही माझ्याच गळ्यात पडला. धावड्याच्या नाल्यापलीकडच्या वस्तीनं तिन्ही वेळा साहेबांना एकगठ्ठा मतं दिली होती. ‘निष्ठावंत वस्ती’ या प्रकरणासाठी मला तिथले दोन फोटो हवे होते.

दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर धुवून ठेवल्यासारखे दिसत होते. गावात उतरून नाल्यापाशी आलो. पूल नव्हता. दगडावरून पाय सटकला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. पलीकडे म्हैस धूत असलेले एक काका मोकळं हसले.

“बूट हातात घ्यायचे, साहेब. आमच्याकडं सासुरवाडीचे पाव्हणेबी असेच येतेत.”

कांताबाईंचं घर त्यांनीच दाखवलं. या निवृत्त अंगणवाडी सेविका, फोटोसाठी मला त्यांनाच भेटायचं होतं. “जय भीम, या,” म्हणत त्यांनी पाय पुसायला टॉवेल दिला आणि लगेच ताट वाढलं. भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची आमटी). जेवता जेवता भिंतीकडे लक्ष गेलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली साहेबांचं एक पत्र लॅमिनेट करून लावलेलं होतं. ‘नाल्यावरील पुलाचे काम तातडीने करावे.’ मजकूर माझा होता.

“दर इलेक्शनला लोक म्हणायचे, बहिष्कार टाकू,” कांताबाई सांगू लागल्या. “मी हे दाखवायची. आमदारानं लिहून देल्लंय, कळ काढा म्हणायची. आज विहारात पुन्हा बैठक हे. पोरी पाण्यातून शाळंत जाऊन राह्यल्या, लोक आता ऐकत न्हाईत. हेच पत्र नेणार हे मी.”

सहीखाली एक बारीक ठिपका होता. त्याचा अर्थ मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही. आलेल्या कुणालाही साहेबांच्या बंगल्यावरून रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, असा रिवाज होता. पत्र सगळ्यांना मिळायचं. मात्र सहीखाली ठिपका असला, की अधिकाऱ्यानं ते फायलीला लावून विसरायचं.

ताट बाजूला सारून मी सगळं सांगितलं.

“कुनी देल्ला ठिपका?”

“मी. त्या सकाळी नाल्याकाठचा एक बागाईतदार येऊन गेला होता. पुलाचा रस्ता त्याच्या बांधावरून जाणार होता. साहेब मला काहीच बोलले नाहीत. मीच ओळखून घेतलं.”

कांताबाईंनी पत्र खिळ्यावरून काढलं.

“मला एकलीला सांगून जमायचं न्हाई. चला.”

विहारात तीसेक माणसं बसली होती. मी उभा राहून पुन्हा सांगितलं. शिव्या मिळतील, कुणी अंगावर येईल, अशी तयारी केली होती. खरं तर मला तेच हवं होतं. पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्या नजरा कांताबाईंवर गेल्या.

“कांते,” मघाचे म्हशीवाले काका हळूच म्हणाले, “तुझ्या शब्दावर बसलो ना आम्ही गप.”

कांताबाई उठल्या. पदर सारखा केला, सगळ्यांना हात जोडले. “चुकलं माझं,” म्हणाल्या.

“त्यांची काही चूक नाही,” एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी खाली बसलो.

परतीच्या बसमध्ये कच्ची प्रत उघडली. ‘निष्ठावंत वस्ती’ची पानं काढून घेतली, पण मग पुढचं प्रकरणही वाचवेना. आमदारकीची ती पंधरा वर्षं मी अगदी जवळून पाहिली आहेत. त्या बंगल्यात ‘चुकलं माझं’ हे शब्द मी एकदाही ऐकले नव्हते. ऐकले ते धावड्याला, जिचं काहीच चुकलं नव्हतं तिच्या तोंडून.