सुरंगीची काठी

चहा निवू द्या जरा, आधी माझी फजिती ऐका. दुसऱ्याची टोपी उडवायला गेलो आणि माझंच डोकं उघडं पडलं!

तेव्हा झाडं जाळून केलेल्या कोळशानं भरलेली गलबतं मुंबईला जायची. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले. उरली होती ती आमची देवराई. तिच्यातल्या झऱ्यावर साऱ्या गावाचं पाणी, म्हणून ती राखायला गावानं मंडळी नेमलेली. मी मुख्य राखणदार! तिसरीत शाळेनं मला सोडलं, पण उंची ताडमाड, आणि हातात काठी अशी की आपटली की कोळसेवाले पळालेच.

त्या वर्षी हसन मंडळीत यायचा होता. होड्या बांधणारा सुतार, बोलणं मोजकं. राखणदार करा म्हणून दोन वर्षं तात्यांच्या, म्हणजे आमच्या म्होरक्याच्या, मागं लागलेला. स्वागताला नारळ, गूळपाणी आणि बोर्लीच्या बाजारातला शेला. एवढंच? मला मजा हवी होती ना!

शेला घालून झाल्यावर मी चेहरा लांब करून ठोकून दिलं, "जुनी रीत आहे. नव्या माणसानं राईतल्या या थोरल्या जांभळाला हात लावून, राईतून काय चोरलं ते सांगायचं. चोरलं असेल तर त्याच झाडाचं रोप लावायचं, आणि ते आपल्या डोक्यावर जाईतो रोज घागरभर पाणी!"

तात्या चपापले. "ही रीत कधीची रे?"

"आजोबांच्या वेळची!" कुणाच्या आजोबांच्या, ते कशाला सांगू?

वाटलं, हसन ओंजळभर करवंदं कबूल करील आणि आपण पोट धरून हसू. त्यानं जांभळाला हात लावला.

"याचीच फांदी नेली व्हती. अब्बा वारले तवा पाऊस थांबत न्हवता. कबरीवर टाकायला एक फळी कमी पडली. आजवर कुणाला बोललो न्हाय."

कुणी हसेना.

तात्यांचा आवाज उतरला. "पण हसन, राईतलं नेणारा राखणदार कसा ठेवू बाबा?"

हसननं शेला काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला. ठेवताना त्याचा अंगठा माझ्या काठीवरून फिरला. सुताराचा अंगठा तो! तिथंच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. बोलला मात्र काही नाही. अहो, बोलला असता तर भांडलो तरी असतो!

काठी सुरंगीची. आणि सुरंगीचं झाड आमच्या राईबाहेर कुठंच नाही.

तो चार पावलं गेला असेल. मी जांभळाला हात लावला. "तात्या, त्यानं बापासाठी तोडली. मी हौसेसाठी. ही काठी."

तात्यांनी मला पायापासून वर बघितलं. माझं डोकं यायला वेळ लागला. मग म्हणाले, "आजोबांची रीत ना? दोघं रोपं लावा. हसन, शेला घे रे परत."

हसन बुटका, त्यात जांभूळ झपाट्यानं वाढणारं. थोड्याच पावसाळ्यांत सुटला. माझी सुरंगी अजून छातीशी आहे. हसन रोज विचारतो, "काका, आज कुठवर आली?"

झाड वाढायची आशा मी सोडलीय. आता माझी पाठ कधी वाकते त्याची वाट बघतोय!