मुर्तिजापूरच्या पुढची डुलकी

अकोला-अमरावती मार्गावर विजेवरची बस आली तेव्हा आमच्या आगारातून पहिल्यांदा ती माझ्या हातात दिली. बावीस वर्षांत माझ्याकडून साधा धक्काही लागला नव्हता. गाडी थंडगार, बिनआवाजाची. समोरच्या काचेजवळ सुपारीएवढा कॅमेरा होता, आणि तो रस्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहायचा. चालकाचे डोळे मिटले की गाडीत कर्कश भोंगा वाजणार आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर लाल खूण उमटणार, असं शिकवणाऱ्याने सांगितलं. बाकीचे चालक हसले. मला हसू आलं नाही.

कारण वर्षभरापासून दुपारी मला झोप आवरत नव्हती. बायको म्हणायची, घोरता घोरता तुमचा श्वासच थांबतो, एकदा डॉक्टरला दाखवा. मी टाळत राहिलो. कागदावर काही आलं असतं तर स्टेअरिंग गेलं असतं, आणि मला दुसरं काही येत नाही. जुन्या गाडीत इंजिनाची धडधड, उन्हाची झळ आणि खडखडणाऱ्या काचा मला जागं ठेवत. इथे तसलं काहीच नव्हतं. मी दाढेत लवंग धरायचो, मांडीला चिमटे काढायचो, आणि चष्म्याआडून त्या कॅमेऱ्याकडे चोरासारखा बघायचो.

दोन महिने असेच काढले.

कापसाचे दिवस होते. दुपारच्या फेरीला मुर्तिजापूर सोडलं. आमच्या वाहकबाई, बार्शीटाकळीच्या, तिकिटं आटोपून माझ्या मागे दांडीला धरून उभ्या होत्या. रस्ता सरळ, मोकळा. त्यानंतरचं मला आठवतं ते भोंग्यापासून. डोळे उघडले तर समोर कापसाची ट्रॉली, इतकी जवळ की ताडपत्रीखालून लोंबणारा कापूस दिसत होता. मी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे काढली. ट्रॉलीपासून हातभर अंतरावरून आम्ही निघालो आणि पुढे जाऊन थांबलो. मागे पिशव्या पडल्या, एक लेकरू रडू लागलं. लागलं मात्र कुणालाच नाही.

लोकांना वाटलं, ट्रॅक्टरच मधे आला आणि भोंगाही त्यालाच वाजवला. खिडक्यांतून ते ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालू लागले. फुलं विकायला निघालेली एक म्हातारी पुढे आली. तिने टोपलीतली दोन झेंडूची फुलं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तुह्या हातानं वाचलो रे बाप्पा आमी."

मी मान हलवली. गाडी पुन्हा सुरू केली.

तिथून अमरावतीपर्यंत वाहकबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या रस्त्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या डोळ्यांकडे पाहत होत्या. प्रवासी उतरले, गाडी चार्जिंगला लावली, तेव्हा त्या बोलल्या.

"काका, तुमी झोपले होते."

मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर आलं होतं.

"ऊन मागून होतं. मी कोणाले सांगणार नाही. पण उद्यापासून तुमच्या गाडीवर येत नाही. माह्या घरी दोन पोरी आहेत."

त्यांनी पैशाची थैली उचलली आणि त्या ऑफिसकडे गेल्या. मी चालकाच्या जागेवरच बसून राहिलो. थोड्या वेळाने नियंत्रण कक्षातल्या साहेबांचा फोन आला. लाल खूण त्यांनी पाहिली होती, चित्रण अजून उघडलं नव्हतं. पण असल्या खुणा रोजच येत, कुणाचा चष्मा चमकला तरी येत. त्यांनी अगदी सहज विचारलं, "चष्म्याची चमक असं लिहून टाकू का?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मी घाबरलो तो यालाच. कॅमेऱ्याने मला पकडलं होतं आणि साहेब सोडून द्यायला तयार होते. म्हणजे उद्या परत मीच, तीच गाडी, तोच रस्ता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "झोपच होती."

साहेबांनी तसंच लिहिलं आणि मला तपासणीला पाठवलं.

अकोल्याच्या दवाखान्यात डोक्याला तारा चिकटवून माझी झोप तपासली. झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. झोपताना नाकावर हवेच्या यंत्राचा मास्क लावायचा, एवढाच उपाय. तीन महिने मला स्टेअरिंगपासून दूर, नियंत्रण कक्षात बसवलं. तिथे एकदा साहेबांनी मला माझंच चित्रण दाखवलं. माझी हनुवटी छातीवर टेकलेली. माझ्या मागच्याच सीटवर एक पोरगी संत्र्याची फोड आईच्या तोंडात घालत होती. आई हसत होती. तीन सेकंद. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

डॉक्टरांच्या परवानगीने मी आता पुन्हा गाडी चालवतो. झोप येत नाही, पण पाय पेडलवर ठेवला की तळव्यांना घाम सुटतो. वाहकबाई तेल्हाऱ्याच्या गाडीवर असतात. परवा अकोल्याच्या स्टँडवर समोरासमोर आलो. त्यांनी विचारलं, मास्क रोज लावता का. मी म्हणालो, रोज. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि त्या आपल्या गाडीत चढल्या.