विहीणबाईंच्या बिअरचा फेस

मी जपानात, ग्योतोकूला मुलीच्या घरी राहते, आणि मुलीची सासू दोन गल्ल्या पलीकडे. तरी रविवार आला की मुलगी माझी नसते. पोहे खाल्ले की निघाली सासूकडे, बाटल्या धुवायला.

कसल्या बाटल्या, ते सांगते. आमच्या जपानी विहीणबाई घरी बिअर करतात. अगदी हलकी हं. इथे घरी करायची तर एक टक्क्याच्या आत, असा कायदा आहे, आणि त्या कायद्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यातल्या नव्हेत. बिअर तयार झाली की तिच्यात गॅस भरायचा. अर्धी जाते स्टीलच्या छोट्या पिंपात, त्याला केग म्हणतात. त्यात नळकांड्यातून गॅस सोडायचा आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं. उरलेली बाटल्यांत. तिथे नळकांडं नाही, जराशी साखर घालून टोपण घट्ट लावायचं. आत राहिलेलं यीस्ट ती साखर खातं आणि आपला गॅस आपणच करतं.

हे सगळं मुलीनेच मला सांगितलं, डोळे मोठे करकरून. आता बघा, जन्मभर मी लोणची घातली, पण माझ्या बरण्या पुसायला ही बया कधी आली नाही. म्हणे हाताला वास येतो. आणि तिकडे यीस्टच्या वासात सकाळभर उभी.

एका रविवारी मीही गेले बरोबर. मुलीला म्हटलं, "त्यांना सांग, मलाही चार बाटल्या द्या. मी करते."

"अगं आई, तू कुठे बिअर पितेस?"

"बीपीमुळे लोणचं तरी कुठे खाते? घालते ना?"

विहीणबाईंनी वाकून, दोन्ही हातांनी बिअर भरलेल्या बाटल्या दिल्या, तारेच्या खटक्याने उघडझाप होणाऱ्या टोपणाच्या. साखर किती ते सांगितलं. बाकीचं मुलीने मराठीत आणलं: उबेला ठेव आणि हात लावू नकोस.

मुरायला ठेवलेली वस्तू आणि हात लावायचा नाही? लोणचं हलवलं नाही तर बुरशी धरते, हे मला कोणी शिकवायला नको. रोज पूजा झाली की मी एकेक बाटली हलवायची, टोपण उघडून वास घ्यायची, परत लावायची. उघडताना फुस्स व्हायचं. मला वाटायचं, झकास चाललंय.

मग सगळे जेवायला जमलो. विहीणबाईंनी केगचा नळ सोडला, तर ग्लासात दोन बोटं पांढराशुभ्र फेस. त्यांच्या बाटल्याही तशाच. माझी बाटली जावयांनी उघडली. आवाजच नाही. ओतली तर नुसता काढा. जावई म्हणाले, "ओइशी." छान आहे म्हणे. विहीणबाईंनी ग्लास संपवला आणि आणखी घ्यायला पुढे केला. तो पुढे केलेला ग्लास माझ्या मनाला फार लागला. नावं ठेवली असती तर निदान भांडता आलं असतं.

मुलीने एक घोट घेऊन माझ्याकडे बघितलं. "आई, तू रोज उघडत होतीस?"

"हलवून."

"लोणच्यासारखं?"

"मग कशासारखं?"

ती हसत सुटली. "अगं, सगळा गॅस तूच सोडून दिलास. पुढच्या वेळी मी बसते तुझ्याजवळ. तुझा काही भरवसा नाही."

आणि पुढच्या खेपेला खरंच बसली. विहीणबाईंच्याच टेबलाशी मी साखर घालतेय, ती टोपणं लावतेय, मध्येच माझ्या हातावर चापट मारतेय. सिंकपाशी विहीणबाई एकट्याच बाटल्या धूत होत्या. त्यांनी मुलीला हाक मारली, टॉवेल दे म्हणून. ती देऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा टॉवेलच हवा. आधीचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता, मला इथून दिसत होता. तो सूर मी बरोबर ओळखला. रविवारी सकाळी मुलगी चपला घालायला लागली की मीही अशीच हाक मारते, माझा चष्मा कुठे गेला म्हणून.

मुलगी उठायला लागली. मी म्हटलं, "आधी हे टोपण लाव. गॅस जाईल."